नाकामागचा गड्डा

हळद शिजते तेव्हा जो वास येतो, त्याला मी चांगला वास म्हणणार नाही. ओली माती, जळका पाला आणि चुलीवर विसरलेला काढा, असा तो सगळा मिळून वास असतो. लुगड्यात शिरतो, केसांत शिरतो, भाकरीतसुद्धा शिरतो. कराडहून लग्न होऊन कुंडलजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच हंगामात मला त्या वासानं उलटी झाली होती. सासूबाईंनी गावभर भलतीच गोड बातमी सांगून टाकली. ती खोटी निघाल्यावर महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

आता काहिली गेल्या. ट्रॅक्टरला जोडून वाफेचा बॉयलर आणतात, पिंपात हळद भरतात, काट्याकडे बघतात आणि बंद करतात. परवा आमच्या खळ्यावर तो आला. पांढरी वाफ अंगणावरून माझ्या बाजेपर्यंत आली. मी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. म्हाताऱ्या बाईनं डोळे मिटले की सगळ्यांना वाटतं झोपली, आणि मग ते हळू बोलतात. मला त्यामुळे पुष्कळ गोष्टी कळतात.

या घरात मी पन्नासाच्या वर हंगाम बघितले. ते सगळे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठली हळद कुठल्या सालची ते आता सांगता येणार नाही. एकच हंगाम वेगळा राहिला. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. नक्की साल सांगायला गेले तर चुकेल. माझा मुलगा म्हादू नववीत होता, एवढं पक्कं.

तेव्हा हळद काहिलीत शिजायची. गुळाला लागते तशी लोखंडाची रुंद काहील, खाली चुलवण, चुलवणात उसाचं पाचट. काहिलीत हळद भरायची, पाणी घालायचं, वर हळदीचाच पाला पसरायचा, त्यावर गोणपाट, आणि कडेनं माती लिंपून वाफ कोंडायची. एकदा कोंडली की आत काय चाललं आहे ते दिसत नाही. उघडून बघावं तर वाफ जाते. म्हणून सगळं काम वासावर. आधी मातीचा वास, मग नाकाला झोंबणारा उग्र वास, आणि मग तो एकदम बदलतो. बदलला की पटकन काढायची. कच्ची राहिली तर वाळून भुसा होते, जास्त शिजली तर गिळगिळीत होऊन काळी पडते. तो बदल माझ्या नाकाला अजून कळलेला नाही. मला विचाराल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घाण वास.

म्हादूला तो कळायचा. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून. विटी-दांडू खेळता खेळता थांबायचा आणि ओरडायचा, काका, झाली. माझे दीर, शंकर भाऊजी, गोणपाट बाजूला सारून हळकुंडात काडी टोचायचे. काडी आरपार जायची. मग ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “वैनी, ह्याचं नाक मला द्या. बाकीचं प्वार तुमी ठेवा.”

म्हादूचे वडील फौजेत होते. त्या वर्षी आसामकडे. वर्षातून एकदा यायचे, पोराची उंची दाराच्या चौकटीला खडूनं मांडायचे आणि परत जायचे. रोजचं बापपण भाऊजींनीच केलं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्यामुळे लाडही तेच करायचे आणि मारही तेच द्यायचे.

आता पुढचं लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. लपवून काही उपयोग नाही, आणि या वयात कुणाला दाखवायचं आहे.

त्या हंगामाच्या आधी वर्ष-सव्वा वर्षापासून म्हादूत फरक पडला होता. तो तोंड उघडं ठेवून बसायचा. उघडं ठेवून झोपायचा, आणि घोरायचा कसा, तर म्हाताऱ्या बैलासारखा. जेवताना घास आणि श्वास एकदम जमायचे नाहीत, मचमच आवाज व्हायचा. बोलणं नाकात गेलं होतं. शाळेत पोरं त्याला गेंगाण्या म्हणायला लागली. डाव्या बाजूनं हाक मारली की ऐकायचा नाही.

मी या प्रत्येकावर काहीतरी केलं. तोंड उघडं दिसलं की हनुवटीखालून टपली मारायची. जेवताना ताट ओढून घ्यायची आणि नीट खा म्हणायची. हाक ऐकली नाही की माजलास म्हणायची. गुरुजींनी निरोप पाठवला की मुलाचं लक्ष नसतं, मी उलट निरोप पाठवला की दोन छड्या द्या. या चार गोष्टी चार नाहीत, एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चौथी शिकलेल्या बाईच्या डोक्यात कसं येणार, असं पुढे एक नातेवाईक मला समजावायला म्हणाले. मला ते आवडलं नाही. शिक्षणाचा काय संबंध? पोर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आणि रक्त. उन्हाळा लागला की पोरांचा घोळणा फुटतो. नाकातून रक्त येतं. आमच्याकडे त्याला कुणी आजार म्हणत नाही. डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतायचं, कांदा फोडून हुंगायला द्यायचा, दूर्वांचा रस दोन थेंब नाकात सोडायचा. आमच्या घरात चिमूटभर हळद कापसाला लावून नाकात सारायची पद्धत होती. हळदीच्या गावात हळदीवर भरवसा जास्त. आणि सगळ्यात आधी मान वर करायला लावायची. मान वर कर, आभाळाकडं बघ. मला माझ्या आईनं तेच सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं.

मान वर केली की रक्त यायचं थांबतं. बाहेर यायचं थांबतं. एवढ्यावर मी किती वेळा समाधान मानलं असेल, ते माझं मला माहीत.

त्या दिवशी दुपारी तिसरी काहील लागली होती. शाळा सकाळची होती म्हणून भाऊजींनी म्हादूला काहिलीजवळ बसवलं आणि ते पलीकडच्या वावरात काढणीकडे गेले. काहील लावणारी टोळी जेवायला बसली होती. नाक जवळ बसलंय म्हटल्यावर कुणी काळजी केली नाही. मी बायकांबरोबर हळद मोडत होते. मोडणं म्हणजे उपटलेल्या कंदाची माती झाडायची आणि मधल्या जेठ्या गड्ड्यापासून बाजूची हळकुंडं वेगळी करायची.

भाऊजी परत आले ते लांबूनच ओरडत. त्यांना वावरातून वास आला होता. गोणपाट उपसलं, तर आतली हळद बोटानं दाबली की पिचत होती. काळी पडायला लागली होती. अख्खी काहील. म्हादू तिथंच बसला होता, चुलवणात पाचट सारत, तोंड उघडं ठेवून.

भाऊजींनी त्याला एक कानफटात ठेवून दिली.

त्यांना राग हळदीचा आलाच होता, पण ते सगळं नव्हतं. त्यांना वाटलं पोरगं आता मोठं झालं, त्याला या कामाची लाज वाटते, म्हणून मुद्दाम गप्प बसलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हादू उठून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, मला वासच येत न्हाई. लय दिवस झालं.”

त्याच्या तोंडातून हे आलं आणि मागोमाग रक्त आलं. नाकातून आणि तोंडातून एकदम. घोळणा असा नसतो. मी धावले आणि काय केलं? मान वर कर म्हणाले. त्यानं ऐकलं. ऐकणारं पोर होतं. मान वर केली, घोटाघोटानं गिळलं, आणि थोड्या वेळानं भडाभडा ओकला. ओकारी काळी होती. चहाच्या चोथ्यासारखी.

शंकर भाऊजी खाली बसले. त्यांचा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता, जसा काही तो दुसऱ्याचा हात आहे आणि पळून जाईल.

शेजारच्यांची जीप काढून आम्ही कराड गाठलं. तिथं माझा भाऊ राहतो आणि त्याच्या आळीत नाक-कान-घशाचे एक म्हातारे डॉक्टर होते. जाईपर्यंत रक्त आपोआप थांबलं होतं. डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधला, म्हादूच्या नाकातून पिवळा कापूस चिमट्यानं ओढून काढला आणि विचारलं, हे कुणी घातलं. मी म्हणाले, मी. “हळद भाजीत घालत जा,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, रक्त येतं तेव्हा तुम्ही काय करता. मी सगळं सांगितलं, मान वर करण्यासकट. थोडं अभिमानानंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हादूला म्हणाले, शी काळी होते का रे?

म्हादूनं माझ्याकडे बघितलं. हो म्हणून मान हलवली.

“कधीपासून?”

“गेल्या हळदीपास्नं.”

वर्ष झालं होतं. वर्षभर पोर आपलं रक्त आपणच पीत होतं आणि मी वर आभाळाकडे बघायला लावत होते. मला का सांगितलं नाहीस, असं मी त्याला विचारलं, तेही दरडावून. तो म्हणाला, तूच म्हणली हुतीस मान वर धर, मला वाटलं गिळायचंच असतं.

डॉक्टरांनी त्याची जीभ दाबून, एक लहानसा आरसा दिव्यावर गरम करून घशात धरला आणि त्यातून वर नाकाच्या मागे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. नंतर एक लांब चिमटा उचलला. मला वाटलं आता जे काय आहे ते ओढून काढतील आणि सुटेल एकदाचं. त्यांनी चिमटा हातात तोलल्यासारखा धरला, पुन्हा एकदा आत बघितलं आणि चिमटा ताटात ठेवून दिला. मी याला हात लावणार नाही, म्हणाले. आत लाल गाठ आहे, नुसत्या रक्तवाहिन्यांची. नाकातलं साधं मांस समजून तुकडा काढायला गेलो तर रक्त थांबवायला माझ्याकडे काही नाही. मिरजेला न्या, उद्याच. वाटेत रक्त आलं तर मान खाली, नाकपुड्या चिमटीत, आणि येईल ते थुंकू द्या. गिळू देऊ नका. किती जातं ते दिसलं पाहिजे.

माझ्या पोराला पहिल्यांदा कुणी वाचवलं असेल तर त्या खाली ठेवलेल्या चिमट्यानं. मिरजेचे डॉक्टरही असंच म्हणाले. माणसानं काय केलं ते सगळे सांगतात. त्यानं काय केलं नाही, ते कुणी सांगत नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

मिरज म्हणजे आमच्या भागाचं दुखणं बरं करायचं गाव. रस्त्यावर दर दुसरा माणूस कुणाचा तरी फोटोचा मोठा पिवळा लखोटा काखेत धरून चाललेला असतो. आम्हीही तसेच चाललो. म्हादूला एका यंत्रात आडवं सारून डोक्याचे फोटो काढले, भोपळ्याच्या कापांसारखे एकेक. मिरजेच्या डॉक्टरांनी ते काचेवर उजेडात लावले. पन्नाशीचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं: हे नाक, हा घसा, आणि दोन्हीच्या मध्ये, नाकाच्या पार मागे, जिथं काही नसायला पाहिजे तिथं हे. अशी गाठ क्वचित कुणाला होते आणि वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते. का, ते विचारू नका, कुणालाच नीट माहीत नाही. कॅन्सर नव्हे.

मग साधी म्हणायची, मी म्हणाले.

“गाठ साधी आहे. जागा वाईट आहे.”

मी काचेजवळ गेले. त्या फोटोत मला जे दिसलं ते मी रोज हातात धरत होते. मध्ये जाड गड्डा, आणि त्यातून निघालेली बोटं, फट मिळेल तिकडे शिरलेली. एक गालाकडे गेलेलं. मी डॉक्टरांना म्हणाले, हा जेठा गड्डा आहे आणि हे हळकुंड. ते म्हणाले, हो, तसंच आहे.

भाऊजी दाराशी उभे होते, आत येत नव्हते. कराडपासून ते जेवले नव्हते. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं डॉक्टरांना विचारलं, की थोबाडीत मारल्यानं अशी गाठ होते का. डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, नाही होत, ही दीड-दोन वर्षांची आहे. “पण मारू नका,” असं पुढे म्हणाले. भाऊजी आत आले आणि स्टुलावर बसले.

तोंडातून टाळू उघडून गाठ काढायची होती. त्याआधी कागद. म्हादूच्या वडिलांना तार केली होती, पण आसाम काय शेजारी नाही. भाऊजींचा हात सहीला चालेना. मी म्हणाले, मला द्या. बाकीचे लोक खाली बोट ठेवतात तिथं सही करतात. मी सगळं वाचलं, बोट ठेवून, अक्षर जोडून. नर्सबाईंना घाई होती. जिवाला धोका, असे दोन शब्द मध्येच होते. ते मी दोनदा वाचले. मग माझं पूर्ण नाव लिहिलं. वळणदार लिहिलं, कारण चौथीला माझं अक्षर वर्गात पहिलं होतं, आणि त्या वेळी मला दुसरं काही नीट करता येण्यासारखं नव्हतं.

रक्त पुष्कळ जाईल, माणसं आणा, असं सांगितलं होतं. माझं घ्या म्हणाले तर त्यांनी माझा थेंब तपासला आणि सांगितलं, बाई, तुमच्याच अंगात नाही. भाऊजी गावाला गेले. हंगाम भरात होता. उपटलेली हळद वावरात पडलेली, काहिली रोज पेटत्या. अशा वेळी काहील बंद ठेवणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी धरून चालले होते की दोघे-तिघे येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून नऊ माणसं उतरली. भाऊजी, आमच्या भावकीतले चौघे, आणि काहील लावणाऱ्या टोळीतले चौघे, त्यांचा मुकादम नामदेव धरून. चुलवण विझवून आले होते.

रक्त घेणारा माणूस तरणा होता, मिरजेचाच. त्यानं पहिल्याचा हात धरला आणि सोडून दिला. दुसऱ्याचा बघितला. मग सगळ्यांना हात पुढे करायला सांगितलं. अठरा हात, सगळे पिवळे. तळवे पिवळे, नखं पिवळी, कोपरापर्यंत पिवळं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हाला सगळ्यांना कावीळ झाली आहे, कुणाचंच रक्त चालणार नाही.

नामदेव तोंड पाडून म्हणाला, “व्हय सायेब. दर साली हुती समद्या गावाला. पाडव्यापतुर बरी हुती.”

भावकीतला एक जण खाली बसून हसायला लागला. मग सगळेच. त्या पोराला कळेना. शेवटी त्यानं स्पिरिटचा बोळा नामदेवच्या तळव्यावर घासला, बोळा पिवळा झाला. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, डोळे पांढरे. तरी त्यानं सगळ्यांचं रक्त आधी तपासलं, आणि बरोबर केलं. मीसुद्धा हसले होते. पोर आत, आणि मी हसले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वाटते. नामदेव आणि त्याची माणसं बौद्धवाड्यातली. आमच्या घरी त्यांच्या चहाचे कप निराळे असत, मागच्या पडवीत. कुणी बोलायचं नाही, तसंच चाललं होतं. घरी परत आल्यावर त्यांना मी आतल्या कपांतून चहा दिला. सासूबाई बघत राहिल्या. मोठं काही केलं असं मी समजत नाही. पोराच्या अंगात ज्यांचं रक्त गेलं त्यांच्या कपाचं काय घेऊन बसायचं, इतका सरळ हिशोब होता, आणि तो करायलाही मला पोराची टाळू उघडावी लागली. नामदेवनं कप उलटा करून त्याच्या बुडाकडे बघितलं, तो कुठला आहे ते ओळखलं, आणि साखर कमी आहे म्हणाला. मी आणखी चमचाभर घातली.

ऑपरेशन सकाळी लागलं. बाहेर लाकडी बाकावर मी नखांतली हळद काडीनं काढत बसले. निघाली नाही, ती निघतच नसते. अधूनमधून दार उघडायचं आणि नर्स रक्ताची बाटली घेऊन आत जायची. बाटली थंड असायची, बाहेरून पाणी सुटलेलं. ती कुणाची असेल, असा विचार मी करत होते. देवाचं नाव घेतलं नाही. नवस बोलले नाही. बोलायचं सुचलंच नाही. ती बाटली आत गेली की पुढची कधी येते, याकडेच लक्ष होतं. सहावी गेली. सातवी आली नाही. आली नाही म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायला कुणी नव्हतं.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले. स्टीलच्या ताटलीत कापडाखाली ते होतं. बघायचं आहे का म्हणाले. भाऊजी वळून भिंतीकडे बघायला लागले. मी बघितलं. लालसर करडं, घट्ट, मुठीएवढं, आणि एका बाजूला आलेलं बोट. मी विचारलं, हे बोट टोकापर्यंत आलंय का? तुटलं तर नाही? आमच्याकडे काढणी करताना हळकुंडाचं टोक मातीत राहिलं तर पुढच्या पावसाला तिथं पुन्हा कोंब येतो.

डॉक्टरांनी चिमट्यानं ते बोट उलटं करून मला टोक दाखवलं. गोल, गुळगुळीत. “आलंय,” म्हणाले, “पण तुम्ही म्हणता तसं राहू शकतं. म्हणून दर वर्षी आणून दाखवायचं. काही वर्षं.”

म्हादूचं नाक गच्च भरलेलं होतं, टाळूला टाके, जेवण नळीतून. बोलायची मनाई. तिसऱ्या दिवशी त्यानं हातानं खूण करून पेन मागितला आणि फोटोच्या लखोट्यावर लिहिलं: काहिलीचं काय झालं?

भाऊजींनी ते वाचलं. त्यांना वाचायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग म्हणाले, “वाळली की रं. चांगली वाळली. पिवळीधमक.” ती हळद उकिरड्यात गेली होती, हे मला माहीत होतं. एवढं सांगून ते पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. तांब्या इथंच राहिला होता.

नाकातली पट्टी काढली त्या दिवशी मी जवळ होते. वितीवितीनं निघत होती, संपतच नव्हती. म्हादूच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटचं टोक निघाल्यावर त्यानं तोंड मिटलं. नुसतं तोंड मिटलं आणि बसून राहिला. छाती वरखाली होत होती आणि तोंड मिटलेलं होतं. सव्वा वर्ष मी ज्यासाठी टपल्या मारल्या, ते हे. मी त्याचं तोंड पुसायला हात पुढे केला, तर त्यानं डोकं मागे घेतलं.

“आई, तुज्या हाताला वास मारतोय,” म्हणाला. अजून घोगरं होतं, पण नाकात नव्हतं.

मी म्हणाले, मारू दे. आणि हात तसाच धरला.

त्यानंतर सहा वर्षं, दर हळदीला आम्ही मिरजेला जात होतो. काहिली पेटायच्या आधी. बाकीचे लोक हंगामाच्या तयारीत गोणपाट शिवायचे, चुलवण लिंपायचे. आमच्या घरात त्यात आणखी एक काम असायचं. डॉक्टर आरसा घशात धरायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. मला आतलं दिसत नव्हतं, चेहरा दिसायचा. सहाव्या वर्षी ते म्हणाले, आता आणू नका, हा बाप्या झाला. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही. दर वर्षी कुणीतरी बघतं, यात एक आधार होता, तो गेला.

शंकर भाऊजी दहा-बारा वर्षांपूर्वी वारले. त्या कानफटातीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, म्हादूनं नाही, मीही नाही. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या हंगामात म्हादूनं खळ्यातून हाक दिली, काका झाली, तेव्हा भाऊजींनी हातातली काडी फेकून दिली आणि न टोचता काहील काढली. हळद बरोबर होती. थोडी कच्ची असती तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नसता, असं मला वाटतं.

म्हादू आता चाळिशीच्या पुढे आहे. पोट सुटलंय. दुपारी जेवून ओट्यावर आडवा होतो. मी जाता-येता बघते, तोंड मिटलेलं आहे ना. त्याच्या बायकोला वाटतं, सासू उगाच फेऱ्या मारते.

परवा बॉयलर आला त्या दिवशी त्याची धाकटी, समृद्धी, आठ वर्षांची, उन्हात वाफेपाशी खेळत होती. रडत आली. नाकातून रक्त. सून भाकरी थापता थापता आतून म्हणाली, मान वर कर गं, वर बघ. तिला तिच्या आईनं तेच सांगितलेलं.

मी बाजेवरून उठले. माझे गुडघे मला इतक्या लवकर उठू देत नाहीत, तरी उठले. पोरीला अंगणात उजेडाला घेतलं, ताटली खाली धरली. “वर न्हाई. खाली. ताटलीत बघ,” म्हणाले आणि नाक चिमटीत धरलं. पोरींना ती गाठ होत नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विसरलेली नाही. तरी धरलं, आणि सोडलं नाही.

थोड्या वेळानं थांबलं. साधा घोळणा. सून कांदा घेऊन दारात उभी होती. म्हादू ओट्यावर उठून बसला होता. तो धावत आला नाही, ओरडला नाही. तिथूनच म्हणाला, “किती गेलं आई?”

“सा-सात थेंब.”

“समदं दिसलं न्हवं?”

मी ताटली उन्हात तिरकी करून पुन्हा बघितली.

“दिसलं,” म्हणाले.